बीडचं केंद्र अंबाजोगाईत का खरखरतं?

बीड जिल्ह्यात रेडिओचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो. नकाशावर पट्टी ठेवली तर अंबाजोगाईपासून बीड आणि परभणी ही दोन्ही गावं सरळ रेषेत साधारण 70 किलोमीटरवर आहेत. परभणी आकाशवाणी मात्र जुन्या ट्रान्झिस्टरवर वर्षानुवर्षं सहज लागत आली, आणि आपल्याच जिल्ह्याच्या बीड केंद्रासाठी एरियल वर करा, गच्चीवर जा, खिडकीशी उभे राहा, असे उपद्व्याप करावे लागतात. परळी अंबाजोगाईहून बीडपासून आणखी दूर आणि घाटाखाली, तिथली कथा तर विचारूच नका. जिल्ह्याचं केंद्र जिल्ह्यालाच पुरत नसेल, तर ते काढलं कशाला?

या प्रश्नाचं अर्धं उत्तर विज्ञानाच्या पुस्तकात सापडतं. उरलेलं अर्धं इतिहासात आहे, आणि तो इतिहास निजामाच्या राज्यापर्यंत मागे जातो.

1. रेडिओ आला, पण बीडपर्यंत नाही

23 जुलै 1927 रोजी मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं केंद्र सुरू झालं. कंपनी खाजगी होती. तीन वर्षांतच ती बुडाली आणि प्रसारण सरकारच्या हातात गेलं. 1936मध्ये त्याला ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव मिळालं. हे सगळं ब्रिटिश मुलखात चाललं होतं. बीड त्या मुलखात नव्हतं. ते हैदराबाद संस्थानात होतं, राज्यकारभार उर्दूत चालत होता आणि रेडिओही निजामाचाच होता.

संस्थानिकांची स्वतःची रेडिओ केंद्रं होती, हे आज अनेकांना ठाऊक नसतं. स्वातंत्र्याच्या वेळी फाळणीनंतर भारताच्या वाट्याला ऑल इंडिया रेडिओची सहा केंद्रं आली : दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास, तिरुचिरापल्ली आणि लखनौ. यांखेरीज म्हैसूर, त्रिवेंद्रम, बडोदा, हैदराबाद आणि औरंगाबाद इथे संस्थानी केंद्रं होती. म्हणजे पुण्यात आकाशवाणी येण्याआधी औरंगाबादेत रेडिओ होता! मराठवाड्याचं मागासलेपण सांगताना ही एक नोंद कुणीच करत नाही.

बीडच्या इतिहासातली सर्वांत मोठी बातमीही रेडिओवरूनच आली. 13 सप्टेंबर 1948 रोजी भारतीय फौजा संस्थानात शिरल्या आणि 17 सप्टेंबरच्या संध्याकाळी खुद्द निजामाने हैदराबादच्या डेक्कन रेडिओवरून युद्धबंदी जाहीर केली. मराठवाड्यात आज ज्या दिवशी मुक्तिदिनाचं झेंडावंदन होतं, तो दिवस हाच. 1 एप्रिल 1950 रोजी हैदराबाद आणि औरंगाबादची केंद्रं भारत सरकारने आपल्याकडे घेतली.

पुढे 1956मध्ये एक गंमत झाली. युनेस्कोच्या मदतीने पुणे आकाशवाणीने फेब्रुवारी ते एप्रिल या काळात ‘रेडिओ शेतकरी मंडळां’चा प्रयोग केला. पुणे, नगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतल्या सुमारे 150 गावांत आठवड्यातून दोनदा गावकरी रेडिओभोवती जमत, अर्ध्या तासाचा कार्यक्रम ऐकत, मग त्यावर चर्चा करत आणि आपल्या शंका केंद्राला लिहून कळवत. रेडिओ ऐकून उत्तर देण्याचा भारतातल्या खेड्यांतला हा पहिला मोठा धडा. त्याचा अभ्यास पॉल न्यूराथ या समाजशास्त्रज्ञाने केला आणि तो जगभर वाचला गेला. नगर जिल्ह्याची हद्द जिथे संपते तिथे बीडचा आष्टी तालुका सुरू होतो. पण आष्टी तेव्हा हैदराबाद राज्यात होती, मुंबई राज्यात ती 1 नोव्हेंबर 1956 रोजी आली. हद्दीपलीकडच्या गावात मंडळं बसत होती, अलीकडे काही नव्हतं. लहरींना हद्द नसते असं म्हणतात. कार्यक्रमांना मात्र ती असते.

1968मध्ये परभणीला आकाशवाणी केंद्र आलं आणि मराठवाड्याच्या घराघरांत 1305 किलोहर्ट्झवरचा तो आवाज ओळखीचा झाला. तोवर ट्रान्झिस्टरही स्वस्त होऊ लागला होता. रेडिओ बाळगायला पोस्टातून परवाना काढावा लागे, दरवर्षी पैसे भरून त्याचं नूतनीकरण करावं लागे. ही कटकट ऐंशीच्या दशकात संपली.

2. लांब लहर, आखूड लहर

आता खरखरीकडे वळू. रेडिओ लहर म्हणजे विजेच्या आणि चुंबकाच्या प्रभावाची हेलकावत जाणारी लाट. एका सेकंदात तिचे किती हेलकावे होतात ती तिची वारंवारता. एक हेलकावा जेवढी जागा व्यापतो ती तिची लांबी. सगळ्या रेडिओ लहरी एकाच वेगाने धावतात, सेकंदाला 3 लाख किलोमीटर. म्हणून हेलकावे जितके जास्त, तितकी लहर आखूड.

हिशेब सोपा आहे. परभणीची वारंवारता 1305 किलोहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला 13 लाख 5 हजार हेलकावे. 3 लाख किलोमीटरला या आकड्याने भागलं की लहरीची लांबी येते सुमारे 230 मीटर. बीड केंद्र 102.9 मेगाहर्ट्झवर आहे, म्हणजे सेकंदाला 10 कोटी 29 लाख हेलकावे. इथे लांबी येते जेमतेम 2.9 मीटर.

या फरकातच सगळी गोम आहे. 230 मीटरची लहर जमिनीला धरून पुढे सरकते. वाटेत छोटी टेकडी आली तर तिच्या अंगावरून वळून जाते. तीन मीटरच्या लहरीला ते जमत नाही. तिचं वागणं दिव्याच्या उजेडासारखं असतं. बीडच्या खंडोबा मंदिरासमोर सुमारे 70 फूट उंचीच्या दोन दीपमाळा आहेत. त्यांच्या टोकावर दिवा लावला तर जिथून टोक दिसेल तिथेच उजेड दिसेल, डोंगराआड उभ्या असलेल्याला दिसणार नाही.

दीपमाळेचीच उंची घेऊन एक गणित करून पाहू. मनोरा किती मीटर उंच आहे त्याचं वर्गमूळ काढायचं आणि 4.12ने गुणायचं. सपाट जमिनीवर लहर साधारण तितके किलोमीटर जाते. दीपमाळ 21 मीटर धरली तर वर्गमूळ 4.58 आणि अंतर 19 किलोमीटर. जिल्हा केंद्रांसाठी लागतो तसा 100 मीटरचा मनोरा धरला तर वर्गमूळ 10 आणि अंतर 41 किलोमीटर. उंची जवळजवळ पाचपट झाली, पल्ला दुपटीहून थोडाच वाढला. तो आणखी दुप्पट करून 82 किलोमीटरवर न्यायचा, म्हणजे बीडहून परळी गाठायची, तर मनोरा 400 मीटर हवा. इतका उंच मनोरा जिल्ह्याच्या गावाला कोण उभारून देणार?

ऐकणाऱ्याची उंचीही या हिशेबात धरायची असते. 9 मीटर उंच गच्चीवर उभ्या माणसाला वर्गमूळ 3 गुणिले 4.12, म्हणजे 12 किलोमीटरचा बोनस मिळतो. म्हणून अंबाजोगाईत एका घरी बीड स्वच्छ लागतं आणि खालच्या गल्लीत खरखरतं. गाव बालाघाटाच्या माथ्यावर आहे, हा त्याला मिळालेला फायदा. लहर रेघ मारल्यासारखी तुटत नाही. हवेत थोडी वाकते, कडेकपारीवरून थोडी पसरते आणि हळूहळू क्षीण होत जाते. तिच्या वाटेत बालाघाटाचा कडा आला की क्षीण व्हायला वेळ लागत नाही.

गच्चीवर जाणं शक्य नसेल तर निदान एरियल पूर्ण ओढावं. एरियल लहरीच्या चौथ्या हिश्श्याएवढं असलं की सर्वांत चांगलं काम करतं. 2.9 मीटरचा चौथा हिस्सा 73 सेंटिमीटर. ट्रान्झिस्टरची ओढायची काडी पूर्ण उघडली की साधारण तेवढीच भरते, हा योगायोग नव्हे.

मग लांब लहरच का वापरली नाही? कारण लांब लहरीचं केंद्र चालवायला अवाढव्य मनोरा, मोठी जमीन आणि भरपूर वीज लागते. शिवाय तिच्यावर विजेचा कडकडाट, मोटारीच्या ठिणग्या, शेजारचा पंप, सगळं ऐकू येतं. रात्री तर दूरदूरची केंद्रं आकाशातल्या थरावर आदळून परततात आणि एकमेकांत मिसळतात. बीडसारख्या आखूड लहरीच्या एफएममध्ये आवाज स्वच्छ, खर्च कमी आणि पल्ला एका जिल्ह्यापुरता. ज्याला आपण दोष म्हणतो, तो आखणीचाच भाग होता. पल्ला आखूड म्हणूनच तीच वारंवारता लांबच्या दुसऱ्या जिल्ह्याला पुन्हा देता येते.

3. जिल्ह्याला स्वतःचा आवाज कशाला?

आणीबाणीत सरकारने आकाशवाणी कशी वापरली हे लोकांनी पाहिलं होतं. नंतर आलेल्या जनता सरकारने पत्रकार बी. जी. वर्गीज यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. 1978च्या तिच्या अहवालाने दोन गोष्टी सांगितल्या : प्रसारण सरकारपासून स्वायत्त असावं आणि ते खालच्या पातळीवर, लोकांच्या जवळ जावं. स्वायत्ततेला 23 नोव्हेंबर 1997पर्यंत, म्हणजे प्रसार भारती अस्तित्वात येईपर्यंत थांबावं लागलं. जवळ जाण्याचं काम त्यामानाने लवकर झालं. 30 ऑक्टोबर 1984 रोजी तमिळनाडूतल्या कन्याकुमारी जिल्ह्यात, नागरकोइलला देशातलं पहिलं स्थानिक रेडिओ केंद्र सुरू झालं.

त्यानंतर अशा केंद्रांची रांगच लागली. महाराष्ट्रात बीड, नगर, नांदेड, उस्मानाबाद, सातारा, धुळे, अकोला, चंद्रपूर, यवतमाळ अशा जिल्ह्यांच्या गावांत ती आली. ठरीव साचा होता : साधारण 6 किलोवॉटचं एफएम प्रक्षेपक यंत्र, एक मनोरा, दोन-तीन स्टुडिओ, थोडे अधिकारी आणि अभियंते, आणि गावातूनच आवाजाची चाचणी घेऊन निवडलेले नैमित्तिक उद्घोषक. हे उद्घोषक म्हणजे कुणी शिक्षक, कुणी कॉलेजातली मुलगी, कुणी वकिली करणारा. महिन्यातून काही ड्यूट्या, प्रत्येक ड्यूटीचे ठरलेले पैसे.

कल्पना अशी की मुंबईच्या केंद्राने राज्याला सांगावं, परभणीने विभागाला आणि बीडने बीडला. जयपूरच्या बाजरी संशोधनापेक्षा गेवराईच्या शेतकऱ्याला त्याच्या कपाशीवरची बोंडअळी महत्त्वाची असते. माजलगाव धरणाचं पाणी कालव्याला कधी सुटणार, परळीच्या महाशिवरात्रीला जादा बस कुठून सुटतील, अंबाजोगाईच्या सरकारी रुग्णालयात अमुक शिबिर कधी आहे, या गोष्टी मुंबईच्या बातमीपत्रात कधीच बसणार नाहीत. 2004मध्ये आकाशवाणीने ‘किसानवाणी’ हा रोजचा शेती कार्यक्रम देशातल्या 96 एफएम केंद्रांवरून सुरू केला तो याच हिशेबाने : कार्यक्रमाचं नाव सगळीकडे एक, आतला माल त्या त्या जिल्ह्याचा.

4. स्पूलवरचा अर्धा तास

संगणक येण्यापूर्वी अशा केंद्रातलं काम चालायचं स्पूल टेपवर. तपकिरी, चकचकीत, पाव इंच रुंदीची फीत, सात इंची चाकावर गुंडाळलेली. चाकावर मावायची 1200 फूट. यंत्रावरून ती सेकंदाला साडेसात इंच या वेगाने सरकायची. 1200 फूट म्हणजे 14,400 इंच, त्याला साडेसातने भागलं की 1,920 सेकंद, म्हणजे 32 मिनिटं. आकाशवाणीचा अर्ध्या तासाचा कार्यक्रम एका स्पूलमध्ये चपखल बसतो, वर दोन मिनिटं शिल्लक राहतात.

पण खेड्यात जाऊन केलेलं ध्वनिमुद्रण काही अर्ध्या तासात आटपत नाही. बाई जात्यावरच्या ओव्या म्हणायला बसली की मध्येच नातू रडतो, कोंबडं आरवतं, शेजारीण येऊन “काय करायलाव?” विचारते. मग स्टुडिओत परत आल्यावर फीत हाताने मागेपुढे सरकवत नको तो भाग शोधायचा, पांढऱ्या पेन्सिलीने खूण करायची, ब्लेडने तिरपा छेद द्यायचा आणि दोन टोकं चिकटपट्टीने जोडायची. तिरपा अशासाठी की जोडावरून आवाज जाताना ‘टक’ होऊ नये. सेकंदाला साडेसात इंच म्हणजे एक खोकला तीन-चार इंचांचा. केंद्राच्या फरशीवर दिवसअखेर अशा खोकल्यांचे, ‘अं’ आणि ‘म्हंजे’चे तुकडे पडलेले असत.

खरं सांगायचं तर कोंबडं कापायला नको होतं. आकाशवाणीच्या शिस्तीत शुद्ध आवाज आणि शुद्ध भाषा यांचा दबदबा इतका, की स्थानिक केंद्रावरही बोलणारा माणूस माइकसमोर आला की पुण्याची मराठी बोलायला जातो. बीडची बोली गाण्यात चालते, नाटुकल्यात चालते, निवेदनात चालत नाही. जिल्ह्यासाठी केंद्र काढायचं आणि जिल्ह्याची बोली दाराबाहेर उभी करायची, हा उफराटा न्याय आहे.

या भागाचे आवाज किती मोलाचे होते ते दुसऱ्याच एका कामातून कळतं. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी महाराष्ट्रभरातून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. 1996मध्ये माजलगावच्या भीमनगरातल्या बायांनी गायलेल्या ओव्यांचंही ध्वनिमुद्रण या कामात झालं. बाबासाहेबांवरच्या त्या ओव्या आजही ऐकता येतात. आकाशवाणीच्या अनेक केंद्रांत मात्र स्पूल अपुरे म्हणून जुनं पुसून त्यावरच नवं मुद्रण करण्याची रीत होती.

5. श्रोते गावाला गेले आहेत

बीड केंद्राची एक अडचण नागरकोइलला कधी आली नसेल. दसरा झाला की बीड जिल्ह्यातून लाखो माणसं ऊसतोडीला बाहेर पडतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम घेतलेली असते, ती फेडण्यासाठी हंगाम संपेपर्यंत कोल्हापूर, सांगली, सातारा किंवा कर्नाटकातल्या कारखान्यांच्या फडात राहायचं. पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, मार्च-एप्रिलच्या सुमारास परतायचं. धारूर, शिरूर कासार, पाटोदा, वडवणी, केज अशा तालुक्यांतल्या कित्येक वाड्यांत हिवाळ्यात म्हातारी माणसं आणि पोरंच मागे उरतात.

आता दुसऱ्या भागातला हिशेब आठवून पाहा. 41 किलोमीटरचा पल्ला घेऊन बसलेलं केंद्र, आणि श्रोता गेला आहे 300 किलोमीटर लांब. कोल्हापूरच्या फडात त्याने मोबाइलवर एफएम लावला तर काटा 102.7वर थांबतो. ते कोल्हापूर आकाशवाणी. त्याच्या गावाचं 102.9 पट्टीवर अगदी शेजारी, पण तिथे शुकशुकाट. रेडिओची पट्टी गाव जवळ दाखवते, लहर ते जवळ आणत नाही.

जिल्हा हा एकक मानून ज्यांनी योजना आखली, त्यांच्या डोळ्यांसमोर जागेवर राहणारा शेतकरी होता. बीडचा माणूस वर्षातले पाच-सहा महिने जागेवर नसतो, हे कुणी हिशेबात धरलं नाही. गावी राहिलेल्या मुलाची शाळा, आश्रमशाळेतले प्रवेश, उचलीचे करार, फडातल्या बाईच्या आरोग्याचे प्रश्न, हे सगळं बीडचं स्थानिकच आहे. फक्त ते बीडमध्ये घडत नाही.

यावर उपाय आला तो इंटरनेटमधून. प्रसार भारतीच्या ‘न्यूजऑनएअर’ ॲपवर आकाशवाणीची दोनशेहून जास्त केंद्रं ऐकता येतात. तिथे मनोऱ्याच्या उंचीचा प्रश्नच उरत नाही. फडातल्या कोपीत, म्हणजे खोपटात, नेटवर्क आणि चार्जिंगचा प्रश्न तेवढा उरतो. एफएम ऐकायला डेटा लागत नाही, ॲपला लागतो.

6. बोलण्याचा परवाना कुणाचा?

9 फेब्रुवारी 1995 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, त्यांवर सरकारची मक्तेदारी असू शकत नाही. खटला क्रिकेटच्या प्रक्षेपणाचा होता आणि मुख्य निकालपत्र न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचं होतं. त्या निकालाने दोन दारं उघडली. एकातून शहरी खाजगी एफएम आले. दुसरं दार छोटं : सामुदायिक रेडिओ. 2002मध्ये शिक्षणसंस्थांना आणि नोव्हेंबर 2006पासून स्वयंसेवी संस्थांनाही त्याचे परवाने मिळू लागले.

सामुदायिक रेडिओ म्हणजे 100 वॉटच्या आसपासची ताकद, 30 मीटरचा मनोरा आणि दहा-बारा किलोमीटरचा टापू. बीडच्या केंद्रापेक्षाही लहान. पण चालवणारे लोक गावातलेच. डिसेंबर 2008मध्ये साताऱ्यातल्या म्हसवडला माणदेशी महिलांची ‘माणदेशी तरंग वाहिनी’ 90.4वर सुरू झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आजच्या तेलंगणात झहीराबादजवळ ‘संघम रेडिओ’ सुरू झाला. तो चालवतात दलित शेतकरी बाया. तोही मुलूख एकेकाळी निजामाचाच, जमीन तशीच कोरडवाहू. तिथल्या बाया बी-बियाण्याच्या गोष्टी आपल्या बोलीत सांगतात, कोंबड्याचा आवाज आला तर येऊ देतात.

या छोट्या केंद्रांना एका गोष्टीची बंदी आहे : स्वतःच्या बातम्या देण्याची. खाजगी एफएमलाही तीच. आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा ऐकवा, एवढीच मुभा. म्हणजे बीड जिल्ह्याची बातमी बीडच्या माणसाला रेडिओवरून सांगण्याचा अधिकार आजही एकट्या आकाशवाणीकडे आहे. आणि नेमकं तिथेच हात आखडता घेतला जातो. कायमची भरती आटली, जुने अधिकारी निवृत्त झाले, नैमित्तिक उद्घोषकांवर गाडा आला आणि स्थानिक केंद्रांवर दिवसाचे कित्येक तास विविध भारतीचं किंवा मोठ्या केंद्राचं सहक्षेपण चालू लागलं.

सहक्षेपणाने पैसे वाचतात, यात शंका नाही. विविध भारतीची गाणी लोकांना आवडतात, यातही नाही. पण ती मुंबईहून येणारी गाणी बीडच्या मनोऱ्यावरून सोडायला 6 किलोवॉटचं यंत्र लागतं, तेवढंच बीडच्या माणसाला बोलतं करायलाही लागतं. वीज दोन्हीकडे सारखीच जळते. फरक पडतो तो गेवराई-माजलगावपर्यंत ध्वनिमुद्रणाला जाणाऱ्या गाडीच्या डिझेलचा आणि उद्घोषकाच्या एका ड्यूटीच्या मानधनाचा.